नजर पानावरून उठते तेव्हा

पुस्तकाचं आपण काय काय करतो, यासाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे. पुस्तक चाळतो, डोळ्यांखालून घालतो, वाचून काढतो, त्याचा फडशा पाडतो, घोकतो, पारायणं करतो. एका क्रियेला मात्र सुटसुटीत शब्द सापडत नाही. वाचता वाचता मध्येच थांबायचं, पानात बोट घालून पुस्तक अर्धवट मिटायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. बघणाऱ्याला वाटतं, कंटाळा आलेला दिसतोय. 'मनन' म्हणावं तर त्या शब्दाला आसन आणि मिटलेले डोळे चिकटलेले आहेत. 'रवंथ' त्यातल्या त्यात जवळचा, पण तो गुरांचा, माणसाला लावला की थोडी टिंगल होते.

तरी मी रवंथच म्हणेन. गाय चरताना भराभर गिळते. चावायचं खरं काम नंतर, निवांत बसल्यावर, तेच गवत पुन्हा तोंडात आणून चालतं. चरणं थांबलं म्हणून तिचं खाणं संपलं, असं कोणी म्हणत नाही. वाचनाच्या बाबतीत आपण नेमकं हेच म्हणतो. डोळे ओळींवर होते तेवढा वेळ वाचन, बाकीचा वाया. मग वर्षात किती पुस्तकं झाली याचे हिशेब मांडले जातात, आणि महिनाअखेरीला आकडा गाठण्यासाठी बारीकशी पुस्तकं शोधली जातात. (मीही शोधली आहेत.)

माझं म्हणणं असं आहे की पुस्तकातून जे हाती लागतं, त्यातलं बरंचसं नजर पानावरून उठल्यावर लागतं. हे नुसतं मत म्हणून सोडून देता येईल, पण वाचताना डोळ्यांचं आणि डोक्याचं काय चाललेलं असतं ते पाहिलं तर त्यामागचं कारण दिसतं.

डोळ्यांच्या उड्या

वाचताना नजर ओळीवरून अलगद सरकत जाते असं आपल्याला वाटतं. कोणाला तरी समोर बसवा, वाचायला सांगा आणि त्याच्या बुबुळांकडे बघा. ती उड्या मारत जातात. टेकली, उडाली, पुढे टेकली. एकेक टेकणं साधारण 200 ते 250 मिलिसेकंदांचं, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास. उडी 20 ते 40 मिलिसेकंदांत आटोपते आणि तेवढ्या वेळात मेंदू दिसणं जवळपास बंद ठेवतो, नाहीतर सगळं पान फराटे मारल्यासारखं दिसलं असतं. बारीक अक्षर ओळखता येईल इतकं स्पष्ट दिसतं ते नजर टेकली त्या जागेभोवतीच. हात लांब करून अंगठा धरलात तर नखाएवढी जागा, बस्स. बाकीचं पान धूसरच असतं, फक्त आपल्याला तसं जाणवत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्यांवर झालेल्या मोजमापांत एक उडी सरासरी 7 ते 9 अक्षरांची भरते, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, मागे जाणाऱ्या असतात. या मागच्या उड्यांवर माझा विशेष लोभ आहे. काहीतरी निसटलं, अर्थ जुळला नाही, की आपल्याला न विचारता डोळा मागे वळतो. थांबणं आणि मागे जाऊन बघणं वाचनात इतक्या खालच्या थरापासून आहे.

झटपट वाचन शिकवणारे नेमकं हेच मोडायला सांगतात. मागे वळू नका, मनातल्या मनात उच्चारू नका, एका नजरेत अख्खी ओळ उचला. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला. निष्कर्ष असा की वेग फार वाढवला की समज घटते, आणि या व्यवहारातून सुटायची पळवाट नाही. माणसं नेहमी किती वेगानं वाचतात? मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यासांची गोळाबेरीज केली. इंग्रजीत मनातल्या मनात वाचताना मिनिटाला सरासरी 238 शब्द, कथा-कादंबरी असेल तर 260. 300 पानांचं पुस्तक, पानाला 250 शब्द धरले, तर सव्वापाच तास झाले. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. 'शाळेतल्यांनासुद्धा' हा आपला एकच शब्द, इंग्रजीला त्यासाठी पाच-सहा लागतात.

आपल्या लिपीच्या आणखी दोन गमती इथेच सांगून टाकतो. 'जिना' वाचताना कागदावर आधी वेलांटी येते आणि मग ज, तोंडात मात्र ज आधी आणि इ नंतर. डोळ्यानं उचललेला क्रम मेंदू गुपचूप उलटा करून घेतो. दुसरी गंमत 'चार' या शब्दाची. 'चार माणसं' मधला च आणि 'गुरांना चार' मधला च तुम्ही वेगवेगळे उच्चारलेत. कागदावर दोन्हींत तिळमात्र फरक नाही. म्हणजे अर्थ लागला तेव्हा उच्चार ठरला. अक्षर ओळखा, मग उच्चार करा, मग अर्थ लावा, अशी शाळेत शिकवलेली सरळ रांग प्रत्यक्षात नसते. अर्थ वरूनही खाली येत असतो.

आणि हे सगळं आपण मूळच्या सोयीशिवाय करतो. बोलणं मूल आजूबाजूचं ऐकत शिकतं, वाचन मात्र शिकवावं लागतं. लिपी जेमतेम 5,000 वर्षांपूर्वीची, मेंदूत वाचनासाठी खास कप्पा घडायला हा काळ फारच तोकडा. मग वाचणारा मेंदू दुसऱ्या कामाची जागा वापरतो. डाव्या बाजूला, मागे आणि खाली, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी एक पट्टा आहे, तो अक्षरांसाठी तरबेज होतो. स्टॅनिस्लास डहेन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले आणि लहानपणीच शिकलेले असे 63 जण तपासले. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसला. वय निघून गेलं, ही सबब इथे चालत नाही.

पानावर नसलेलं वाचणं

आता जरा वरच्या मजल्यावर जाऊ. हा उतारा वाचा.

'आधी टोक ओलं करून घ्यावं. काहीजण ते तिरकं कापतात, त्यानं काम सोपं होतं. उजेडाकडे तोंड करून बसणं बरं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर टोक पुन्हा नीट करावं, ते बहुतेक फुटलेलं असतं. वय वाढतं तसं हे जड जातं, मग एखाद्या लहान मुलाला हाक मारावी लागते. पार गेलं की थोडं जास्तच ओढून घ्यावं, नाहीतर पुढच्या हिसक्यात सगळं बाहेर येतं. एकेरी ठेवायचं की दुहेरी, ते काम किती बळकट हवं त्यावर.'

एकही शब्द अवघड नाही. तरी बऱ्याच जणांना पहिल्या वाचनात काही हाती लागत नाही. आता मथळा सांगतो: सुईत दोरा ओवणे. पुन्हा वाचा. या वेळी ओठांत ओला केलेला दोरा दिसेल, डोळे बारीक केलेली आजी दिसेल. उतारा तोच आहे, बाकीचं तुम्ही आणलंत.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी 1972 मध्ये कपडे धुण्याचं असंच गोलमाल वर्णन लोकांना ऐकवलं. विषय आधी सांगितलेल्यांना सुमारे दुप्पट मुद्दे आठवले. ऐकून झाल्यावर विषय सांगितला त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. ऐकत असताना नवं कुठे टांगायचं याची खुंटी हवी, मागाहून ठोकलेली उपयोगाची नाही.

या खुंट्या किती महत्त्वाच्या, हे 1988 सालच्या एका प्रयोगात नीट दिसलं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची समजली जाणारी पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. वाचता येणं हे पोहण्यासारखं एकदाच आलं की सगळ्या पाण्यात चालतं असं आपण धरतो. तसं नसतं. माहीत असलेल्या विषयात आपण पट्टीचे पोहणारे, अनोळखी विषयात गटांगळ्या. यातूनच पुढचं दुष्टचक्र किंवा सुष्टचक्र सुरू होतं. ज्याला थोडं माहीत आहे त्याला वाचलेलं जास्त कळतं, कळतं म्हणून तो आणखी वाचतो, त्यातून खुंट्या वाढतात. कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्ये मुलांच्या वाचनाबद्दल हे सविस्तर मांडलं. आपल्याकडे ते तीन शब्दांत सांगतात: पैशाकडे पैसा जातो.

म्हणून पहिल्या पन्नास पानांत डोक्यावरून गेलेलं पुस्तक म्हणजे आपल्या बुद्धीवरचा शेरा, असं मानू नये. खुंट्या कमी आहेत एवढंच. त्याच विषयावरचं सोपं, अगदी मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक आधी वाचावं. यात लाज वाटणाऱ्यांनी ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचावं.

कथेत तर हे भरणं आणखी सूक्ष्म होतं. हे बघा: 'फोन दोनदा वाजून थांबला. तिनं टेबलावरचा दुसरा कप उचलला, धुतला आणि उपडा ठेवला.' मी ही दोन वाक्यं दोघांना दाखवली. एकाला वाटलं, कोणीतरी यायचं होतं आणि आता येणार नाही, तशी खूण आली. दुसरी म्हणाली, छे, जो येऊन गेला तो सुखरूप पोचला, म्हणून तिनं निर्धास्त होऊन आवराआवर केली. एकाच कपात एकाला विरह दिसला, दुसरीला निवांतपणा. वाक्यांत दोन्हींपैकी काहीही लिहिलेलं नाही. मग 'उपडा' या शब्दावर आमचा अर्धा तास गेला. कोरडा व्हायला ठेवला की आता लागणार नाही म्हणून? तेरा शब्द वाचायला चार-पाच सेकंद पुरतात. अर्धा तास नजर पानावर नव्हतीच.

विसरण्याचा हिशेब

इथे हमखास येणारी तक्रार अशी: वाचलेलं लक्षातच राहत नाही, मग कशाला वाचायचं?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं याचं मोजमाप स्वतःवरच केलं. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या लांबच लांब याद्या तो पाठ करायचा, काही वेळानं त्याच पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या खेपेला कष्ट किती वाचले ते मोजायचा. 1885 मध्ये त्यानं आकडे छापले. तासाभरानं बचत 44 टक्क्यांवर आलेली, दिवसभरानं 34 टक्क्यांच्या आसपास, महिन्याभरानं 21. पहिल्याच तासात आलेख कोसळतो आणि मग सपाट होत जातो. हा आलेख सगळीकडे वाचकांना घाबरवायला वापरतात, पण त्याच्या याद्या निरर्थक होत्या हे सांगायचं राहून जातं. पुस्तकाला अर्थ असतो, आणि अर्थाचं विसरणं वेगळ्या तऱ्हेनं होतं.

ती तऱ्हा फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवली. त्यांनी इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुढे वेगवेगळ्या काळानं आठवून लिहायला लावली. हे प्रयोग 1932 मध्ये पुस्तकरूपानं आले. गोष्ट आखडत गेली, हे ठीकच. गंमत अशी की ती वाचकांच्या सवयीची होत गेली. कॅनू नावाच्या होडीची बोट झाली, सील या समुद्री प्राण्यांच्या शिकारीला निघालेले तरुण मासे धरायला निघाले, भुताखेतांचा न कळणारा भाग गळला किंवा त्याला कारणं चिकटली. आठवणं हे कपाटातून वस्तू काढण्यासारखं नाही. दर वेळी आपण गोष्ट नव्यानं बांधतो, आणि विटा बऱ्याचशा आपल्याच घरच्या असतात.

याचे दोन अर्थ निघतात. एक दिलासा देणारा: पुस्तकाचा तपशील गेला तरी त्यातला काही भाग आपल्या विटांत मिसळलेला असतो. कुठून आला ते आठवत नाही, पण पुढचं पुस्तक तो वाचायला मदत करतो. दुसरा जरा बोचणारा. पुस्तकात जे आपल्या समजुतीत बसत नव्हतं, म्हणजे ज्यासाठी ते वाचायला हवं होतं, नेमकं तेच आधी गळतं.

चार्ल्स डार्विननं हे स्वतःच्या बाबतीत ओळखलं होतं. आपल्या मतांविरुद्ध जाणारी एखादी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो तो ताबडतोब टिपून ठेवायचा, कारण असल्या गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हा त्याचा अनुभव होता. पुस्तकाच्या शेवटी तो खुणा केलेल्या पानांची यादी करायचा. जाडजूड पुस्तक हातात धरायला जड झालं तर सरळ मधोमध कापून दोन तुकडे करायचा. पुस्तकांना कव्हरं घालून ठेवणाऱ्यांच्या अंगावर काटा येईल, पण पुस्तक कशासाठी आहे याबद्दल त्याच्या मनात काही गोंधळ नव्हता.

कळल्यासारखं वाटणं

सगळ्यात मोठा चकवा मात्र विसरण्यात नाही. तो कळल्यासारखं वाटण्यात आहे.

पॅन्टची चेन कशी चालते, तुम्हाला माहीत आहे? लगेच 'हो' आलं असेल. आता कागद घ्या आणि दात एकमेकांत कसे अडकतात, वरखाली सरकणारी कडी वर नेताना नेमकं काय करते आणि खाली आणताना काय, ते लिहा. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अशाच रोजच्या वस्तूंबद्दल आधी विचारलं, किती कळतं ते आकड्यात सांगा. मग टप्प्याटप्प्यानं समजावून लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःचेच आकडे खाली आणले. वस्तू रोज हाताळलेली असते. त्या सरावालाच आपण समज मानतो.

पुस्तकाच्या बाबतीत हा चकवा जास्त पक्का होतो, कारण चांगला लेखक वाट गुळगुळीत करून ठेवतो. मुद्दे ओळीनं येतात, आपण मान डोलावत जातो. तेच प्रकरण दुसऱ्यांदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलेलं असा समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये याचीच परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे, काही एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहायचे. पाच मिनिटांनी पाहिलं तर दोनदा वाचलेल्याचं 81 टक्के आठवत होतं, आठवून लिहिलेल्याचं 75. आठवड्यानं पारडं उलटलं. दोनदा वाचलेल्याचं 42 टक्के उरलं, आठवून लिहिलेल्याचं 56. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचणारे दुसऱ्या दिवशी पास होतात आणि सुट्टी संपेपर्यंत कोरे होतात, ते यामुळेच.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या तेव्हा अधोरेखित करणं आणि पुन्हा वाचणं या दोन लाडक्या पद्धती तळाशी गेल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं वर आलं. अधोरेखित करण्यात मला स्वतःला एक वेगळाच धोका दिसतो. रंगीत रेघ ओढली की काम झाल्याचं समाधान मिळतं. खरं तर आपण 'याचा विचार नंतर करू' अशी चिठ्ठी लावलेली असते, आणि तो नंतर कधी उगवत नाही. माझ्याकडे एक पुस्तक आहे, त्याची काही पानं सबंध पिवळी आहेत. त्यातलं काय महत्त्वाचं वाटलं होतं, ते आता मलाच कळत नाही.

थांबून करायचं काय

थांबायचं हे कबूल, पण थांबून करायचं काय, हा प्रश्न बरोबर आहे. नुसतं थांबणं म्हणजे मनन नाही. डोळे ओळींवरून फिरताहेत आणि डोक्यात उद्याची कामं, हा अनुभव सगळ्यांना आहे. पान संपतं आणि एक शब्द आत गेलेला नसतो. नजर उठूनसुद्धा हेच होऊ शकतं. फरक एका साध्या कसोटीवर कळतो: आत्ता जे डोक्यात चाललंय, ते या पानाशिवाय आलं असतं का? उद्याचं वीजबिल पानाशिवायही आलं असतं. 'उपडा' या शब्दाचा घोळ आला नसता.

मी स्वतः जे करतो ते फार शास्त्रशुद्ध नाही. प्रकरण संपलं की पुस्तक मिटतो आणि लेखक काय म्हणाला ते मोठ्यानं, बोलभाषेत, एखाद्या कंटाळलेल्या मित्राला सांगावं तसं दोन-चार वाक्यांत सांगतो. पहिल्या वाक्यातच अडखळलो तर समजतो की मान डोलावली होती फक्त. मग स्वतःला विचारतो की हे खरं असेल तर आणखी काय खरं असायला हवं, आणि ते माझ्या पाहण्यात तसं आहे का. या दुसऱ्या प्रश्नावर बरीच चकचकीत पुस्तकं माना टाकतात. कादंबरीला हा प्रश्न लागू नाही. तिथे मी एवढंच बघतो की मी कोणाची बाजू घेतली आणि लेखकानं ती मला कुठल्या वाक्यात घ्यायला लावली.

लिहून ठेवणं यात येतंच. समास त्यासाठीच मोकळा असतो असं माझं मत आहे, आणि इतिहासात त्याला भारी साक्षीदार आहे. पियेर द फर्मा या फ्रेंच माणसाचा व्यवसाय कायद्याचा आणि नाद गणिताचा. 1637 च्या सुमारास त्यानं डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाच्या आपल्या प्रतीत, समासात, एक विधान लिहिलं आणि पुढे म्हटलं की याची अप्रतिम सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावायला हा समास लहान आहे. तो गेल्यावर मुलानं वडिलांच्या समासातल्या नोंदींसकट तो ग्रंथ 1670 मध्ये छापला, म्हणून हे जगाला कळलं. सिद्धता मिळायला गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांच्यापर्यंत थांबावं लागलं, ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. फर्माला खरोखर सापडली होती की तोही कळल्यासारखं वाटण्याच्या चकव्यात होता? बहुतेक गणितज्ञांना दुसरी शक्यता खरी वाटते. तरी त्या दोन-तीन ओळींनी साडेतीनशे वर्षं माणसं कामाला लावली. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र हा उद्योग करू नये, तिथे वही वापरावी.

आता सारांशांबद्दल. दहा मिनिटांत पुस्तकाचं सार सांगणारे व्हिडिओ आहेत, आता यंत्रंही क्षणात सारांश काढून देतात. मी ते वापरतो, पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला. पण सारांश म्हणजे दुसऱ्यानं केलेला रवंथ. काय ठेवायचं, काय टाकायचं, याची झटापट ज्यानं केली त्याच्या पदरात समज पडली. आपल्याला निकाल मिळाला. शिवाय लेखक अमुक निष्कर्षाला येतो हे एका ओळीत सांगता येतं, पण येताना तो कुठे कचरला, कुठे त्यानं स्वतःचंच उदाहरण मागे घेतलं, ते त्या ओळीत मावत नाही. पटणं किंवा न पटणं तिथे ठरत असतं.

वाचनाच्या गुणगानात काही दावे फार सैल हातानं वाटले जातात, त्यांच्यापासून जरा जपून. 2013 मध्ये डेव्हिड किड आणि एमानुएले कास्टानो यांचा एक शोधनिबंध गाजला. वाङ्मयीन कथेचा छोटा तुकडा वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचणीत माणसं वरचढ ठरतात, असं त्यात होतं. पुढे इतरांनी तेच प्रयोग मोठ्या संख्येनं करून पाहिले तेव्हा तो परिणाम दिसला नाही. 2016 मधल्या एका अभ्यासात पुस्तकं वाचणारे जास्त जगतात असं आढळलं. 50 च्या पुढचे 3,635 लोक, 12 वर्षांचा पाठपुरावा, सगळं व्यवस्थित. पण हे निरीक्षण आहे. पुस्तकांमुळे आयुष्य वाढलं की ज्यांची तब्येत, शिक्षण आणि सवड बरी त्यांच्या हातात पुस्तक जास्त असतं, याचा निवाडा त्यातून पूर्ण होत नाही. कागद की पडदा या भांडणात थोडा ठोस पुरावा आहे. 54 अभ्यास आणि 1,70,000 हून जास्त वाचक एकत्र धरलेल्या 2018 च्या आढाव्यात माहितीपर मजकूर कागदावर थोडा बरा समजलेला दिसला, वेळेचं बंधन असेल तर अधिकच. कथेत फरक नव्हता. पडद्यावर वाचणाऱ्यांनी हळहळावं असं यात काही नाही. सरकवायची सवय लागलेला अंगठा जरा आवरावा, एवढंच.

जुन्या परंपरेत ज्ञानाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत त्या श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे तेच मनात सतत घोळत राहणं. ऐकणं ही फक्त पहिली. तिसरी फार वेळ घेते, कधी कधी वर्षं, आणि ती चालू आहे हे आपल्याला ठाऊकही नसतं.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक जुनी कादंबरी निघाली. बाविसाव्या वर्षी वाचलेली, समासात पेन्सिलीचे शेरे. एका पानावर आजारी वडिलांच्या उशाशी बसलेला मुलगा आहे. रात्रभर जागतो, पाणी पाजतो, आणि पहाटे त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारल्यावर त्याच्या मनात येतं की आता हे लवकर संपावं. त्या ओळीशेजारी मी ठसठशीत लिहिलं होतं, 'खोटं!' उद्गारचिन्ह इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उमटलंय.

मधल्या काळात मीही एका उशाशी चार महिने बसलो होतो. ते पान उभ्या उभ्याच वाचलं. मग बाकीची पुस्तकं तशीच जमिनीवर ठेवून खाली बसलो, पेन्सिल शोधली. आधी ते 'खोटं' खोडावं असं वाटलं. खोडलं नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली आणि पान उलटलं.